सोजरआक्का आणि हरीचे वार

टेंभुर्णीच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा राहायला जी खोली मिळाली ती सोजरआक्कांच्या पिठाच्या गिरणीला पाठ लावून होती. गिरणी सुरू झाली की माझ्या फडताळातले कप किणकिणायचे. पहिल्याच आठवड्यात मी तक्रार घेऊन गेले. खोलीच्या मालकीणही आक्काच होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "आवाज हाय तवर चांगलं हाय, मास्तरीणबाई. बंद पडला की भ्या." मला वाटलं, विजेबद्दल बोलतायत.

आक्का तेव्हा पन्नाशीच्या पुढे असतील. उंच, हाडापेरानं मजबूत, भुवयांवर कायम पीठ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक मुलगा दिलीप पुण्याला नोकरीला होता. गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्या कुठेही, देवळात आणि मयतीतसुद्धा, ओरडूनच बोलत. आलेलं दळण आधी मुठीत घ्यायच्या आणि ज्वारीवरून सबंध घरावर शेरा मारायच्या. "किडकी हाय गं. चांगली बाजारात घातली अन् ही सुनंला ठिवली, न्हाई का? सासूला सांग, सोजर म्हणती." सुना लाजायच्या, पदराआड हसायच्या, आणि घाबरायच्याही. आमच्या भागात तेव्हा दुसरी गिरणी नव्हती. आक्कांची खप्पा मर्जी झाली की त्या घरची भाकरी संध्याकाळपर्यंत लांबायची.

हा धाक मात्र त्यांनी एकाच कामासाठी वापरला. ते काम म्हणजे हरी.

हरी आक्कांच्या भावकीतला, त्यांच्या चुलत दिराचा धाकटा मुलगा. वय तिशीच्या आसपास. जन्मापासून हातपाय आखडलेले, मान ठरत नसे, शब्द फुटत नसे. पण डोकं बिलकुल शाबूत. गल्लीतल्या प्रत्येकाची चाल त्याला आवाजावरून कळायची. रेडिओवर क्रिकेट लागलं आणि चौकार गेला की डावा पाय आपटायचा. भोपळ्याची भाजी तोंडात गेली की समोर कोण बसलंय हे न बघता थुंकायचा. वडील आधीच गेलेले; आई होती तोवर तिनं सगळं केलं. ती गेली आणि तेराव्याला थोरला भाऊ अशोक, औरंगाबादला कंपनीत होता तो, सगळ्यांसमोर म्हणाला की शहराजवळ एक आश्रम आहे, तिथं अशांना ठेवून घेतात. भावकीनं माना डोलावल्या. आक्का तेवढ्या उठून उभ्या राहिल्या.

"घरी माणूस मरतं, अशोक," त्या म्हणाल्या. "तिथं माणूस हरवतं."

आणि तिथल्या तिथे त्यांनी वार लावले. "तुझ्या आज्याच्या काळात शिकायला आलेली गरिबाची पोरं वारानं जेवत व्हती. सोमवार ह्याच्याकडं, मंगळवार त्याच्याकडं. ती पोरं वकील झाली. हरी काय वकील व्हणार न्हाई. पण जेवंल तर खरं." भावकीतल्या घरांवर एकेक दिवस आला. ज्याचा वार, त्यानं हरीच्या घरी जायचं, त्याला उठवायचं, धुवायचं, भाकरी दुधात कुस्करून भरवायची, ओट्यावर उन्हात बसवायचं, कूस बदलायची. दिवेलागणीला पुढच्या वाराच्या घरी दारात जाऊन तोंडानं सांगायचं, "वार दिला." समोरच्यानं म्हणायचं, "घेतला." मी गावात राहायला आल्यावर रविवार माझ्या वाट्याला आला. मला कुणी विचारलं नव्हतं. आक्का म्हणाल्या, "रविवारी शाळा न्हाई ना? मंग?"

सकाळी गिरणीत जी बाई येई तिला पहिला प्रश्न असायचा, "कोणाचा वार हाय आज? पाठ बघितली का त्याची?" बघितली नसेल तर डबा रांगेत मागे जायचा. भांडून उपयोग नसे. चार-दोन वर्षांत सवय अशी झाली की सुना आपापसात हरीच्या तक्रारी नवऱ्याच्या तक्रारींसारख्या करू लागल्या. कोणाचं दूध पातळ आहे हे हरीच्या तोंडावरून सगळ्या गल्लीला कळायचं.

आक्का हळू बोलायच्या ते फक्त लाईट गेल्यावर. पट्टा थांबायचा, पीठ हवेत तसंच तरंगत राहायचं आणि त्या पोत्यावर बसून मशेरी लावायच्या. अशाच एका दुपारी त्यांनी मला कृष्णाबद्दल सांगितलं. कृष्णा त्यांची नणंद, आंधळी. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हा सासरी त्यांच्याशी पहिलं कोणी बोललं असेल तर ती. आक्कांच्या नवऱ्यानं तिला एका आश्रमात नेऊन सोडलं.

"मी गेल्ते ना बघायला," आक्का म्हणाल्या. "हाक मारली, कृष्णे म्हणून. ती म्हणती, कोण कृष्णा? तिथं तिला खिडकीवाली म्हणत व्हते. आंधळीला खिडकीपाशी ठिवली व्हती, मास्तरीणबाई. नाव इसरली व्हती सोताचं. पुन्हा गेले तर खिडकीपाशी दुसरीच बाई. तिलाबी खिडकीवालीच म्हणून राह्यले व्हते."

मग लाईट आली आणि त्या उठून पुन्हा ओरडायला लागल्या. मी मात्र त्या दिवशी दळण तिथंच विसरून आले.

वार मोडले ते कुणाच्या वाईटपणामुळे नाही. एका उन्हाळ्यात भावकीतला सगळ्यात वडीलधारा माणूस वारला. मी सुट्टीत माहेरी अंबडला होते आणि आक्का लग्नाला तीर्थपुरीला गेल्या होत्या. एक माणूस गेला आणि सगळ्या भावकीला एकदम सुतक लागलं. एकाही घरात चूल पेटली नाही. सगळे मयताच्या दारात. सुतकात कोणी कोणाच्या दारी जाऊन "दिला-घेतला" म्हणत नाही, म्हणून मंगळवारवाल्यांना वाटलं की आता वार बंद, आणि बुधवारवाल्यांना वाटलं की आपल्याला कोणी दिलाच नाही. वाराची सगळी घरं एकाच भावकीतली आहेत आणि एका मरणात ती सगळी एकदम बंद पडू शकतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आक्कांच्याही नाही.

निरोप मिळून आक्का परतल्या त्या मयताच्या घरी न जाता आधी हरीकडे गेल्या. दार लोटलेलं. पत्र्याखाली वैशाखाची आग. हरी खाटेवरून खाली पडलेला, पाठ सोललेली, ओठ फुटलेले, अंगावर लाल मुंग्या. त्याला आवाजही काढता येत नव्हता. त्यांनी त्याला चमच्यानं पाणी पाजलं, मुंग्या वेचल्या, आणि मग पदराला हात न पुसता मयताच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या हे गावात अजून सांगतात. "मेल्याला सगळे हाजर. जित्याला कोणी न्हाई."

मेलेल्याचा धाकटा भाऊ, ज्याला सगळे नाना म्हणत, तो आता भावकीत मोठा झाला होता. नानांचा आवाज कधी चढत नसे. मला त्या माणसाची पहिल्यापासून भीती वाटे, का ते सांगता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, "सुतक फिटू दे, सोजर. मंग अशोकला बोलावून घेऊ. ह्या पोराचं हितं हाल हायेत."

म्हणजे ज्यांनी हाल केले तेच आता हालांचं कारण सांगून त्याला पाठवणार होते. आक्कांनी ओळखलं की हाताशी वेळ थोडा आहे. "एका सुतकात सगळ्या चुली इझत असतील," मी माहेराहून परतल्यावर त्या मला म्हणाल्या, "तर वार एका भावकीत ठिवायचेच न्हाईत." शनिवार त्यांनी कासारांच्या घराला दिला, सोमवार तांबोळ्यांच्या. त्यावर लोक जरा कुजबुजले, एवढंच. गुरुवारासाठी मात्र त्या बौद्ध वस्तीत सुगंधाबाईंकडे गेल्या.

सुगंधाबाई आणि त्यांचा नवरा दोघंही रोजानं शेतावर जात. गिरणीत दळण आणलं की बाजूला थांबायच्या नाहीत, रांगेत उभ्या राहायच्या आणि कुणी पुढे घुसलं तर स्पष्ट बोलायच्या. आक्कांना ही बाई आवडायची. मला सोबत नेलं होतं ते बहुधा धीरासाठी. आक्का दारातच उभ्या राहिल्या आणि काम सांगितलं. सुगंधाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"आमच्या हातचं पाणी चालंल का तुमच्या भावकीला?"

"भावकीला न्हाई पाजायचं. हरीला पाजायचं."

सुगंधाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "घेते गुरुवार. पण तुमच्या गल्लीत येऊन मागच्या दारानं करणार न्हाई. त्याला हितं आणायचं. दिवसा. चौकातून."

आक्कांनी मागे वळून एकदा चौकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "बराबर हाय."

तेव्हापासून दर गुरुवारी पोत्यांच्या दोन चाकी हातगाड्यावर गोधडी अंथरून हरीची स्वारी निघे. आक्का स्वतः गाडा ओढत, डोक्यावर पदर, पाठीवर पीठ. मराठा गल्ली, मग मारुतीचा पार, मग चौकातलं चहाचं दुकान, मग वस्ती. हरीला हा प्रवास फार आवडायचा. तो इतका मोठ्यानं आनंदायचा की कुत्री भुंकायची. पण गाडा चौकात आला की चहाच्या दुकानातलं बोलणं थांबायचं, आणि गाडा पुढे गेल्यावरही लगेच सुरू व्हायचं नाही. मला ती शांतता आवडायची नाही.

हळूहळू भावकीतले वार गळायला लागले. कोणाची सून बाळंतपणाला गेली, कोणाची कंबर धरली. नाना एकदा गिरणीपाशी आले. ते आत पाऊल टाकत नसत, पिठाचं निमित्त सांगत. नाना नात्यानं थोरले दीर, म्हणून आक्कांनी पदर पुढे ओढला आणि तशाच ओरडून बोलू लागल्या.

"घरचं माणूस कुठं पाठवून राह्यलीस, बघ जरा," नाना म्हणाले.

"तुमचा बुधवार हाय, नाना. तुमच्या घरचं कोणी आलं न्हाई काल."

"गाडा उलटतो कवा कवा, सोजर."

"उलटला तर उचलू."

नाना हसले आणि गेले. पुढच्याच गुरुवारी चौकात गाड्याचं चाक निखळलं. मी मधल्या सुट्टीत पोस्टात निघाले होते, माझ्या डोळ्यांदेखत झालं. हरी तोंडावर पडला, कपाळ फुटलं. दुकानात माणसं बसली होती. कुणी उठलं नाही. एकानं कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. आक्का आणि मी, दोघींनी त्याला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्हाला जमेना, तेवढ्यात वस्तीकडून सुगंधाबाईंचा नवरा धावत आला. त्यानं हरीला खांद्यावर घेतलं. चाकाची खीळ कुणीतरी काढून ठेवली होती. कोणी, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि विचारलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

जखम भरायच्या आत जीप आली. अशोक, एक अनोळखी माणूस आणि पुढे नाना. गुरुवारच होता, हरी वस्तीत होता. आक्का गिरणी चालू सोडून धावल्या आणि शाळा वस्तीला लागून असल्यामुळे मीही पोचले. अशोक सुगंधाबाईंच्या दारासमोर रस्त्यावर उभा राहून म्हणाला, "हरीला बाहेर आणा."

सुगंधाबाई उंबऱ्यात आल्या. "आत या की, भाऊ. चहा ठिवते. चहा घ्या अन् भावाला उचलून न्या. तुमचा भाऊ हाय, मी कोण अडवणार?"

अशोकनं नानांकडे पाहिलं. नाना आभाळाकडे बघत होते. अशोक शहरात राहिलेला माणूस, कंपनीच्या कँटीनमध्ये कोणाकोणाच्या शेजारी बसून जेवत असेल. पण इथे मागे भावकी उभी होती. तो म्हणाला, "तुम्हीच आणून द्या जल्दी, आम्हाला वेळ नाही."

"मी देणार न्हाई. आत या अन् न्या."

आतून हरी पाय आपटत होता. आक्का माझा दंड धरून उभ्या होत्या. शेवटी अशोक जीपमध्ये बसला. जो विटाळ हरीचा जीव घ्यायला निघाला होता त्यानंच त्या दिवशी त्याला वाचवलं. मला हसू आलं, आणि लगेच अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा येतील म्हणून हरीला त्या संध्याकाळी गल्लीत परत आणलंच नाही. तो वस्तीतच राहिला. तिथल्या बायांनी आपसांत वार वाटून घेतले. भावकीचे वार तिथेच संपले. आक्का रोज हरीला बघायला जात, त्याच्या वाट्याचं पीठ नेत, बाहेरच्या दगडावर बसून त्याच्याशी ओरडून बोलत. नानांच्या पुतण्यानं चौकात नवी गिरणी टाकली आणि गल्लीतले डबे तिकडे वळले. माझ्या फडताळातले कप आता दुपारीच शांत व्हायचे. तेव्हा मला आक्कांचं पहिलं बोलणं कळलं. थोड्याच दिवसांत माझी बदली अंबडला झाली.

दोन हजार सालाच्या सुमाराला कळलं की आक्कांना लकवा मारलाय. मी गेले. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. भावकीनं पहिले काही दिवस केलं आणि मग सोडलं. "वार तिनंच मोडले," असं एक सून मला म्हणाली. दिलीप पुण्याहून आला होता. वाईट मुलगा नव्हता, उलट रडवेला झाला होता. दोन खोल्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, बायकोची नोकरी. त्यानं पुण्याजवळ एक संस्था बघून ठेवली होती. "चांगली जागा आहे, बाई. डॉक्टर येतो. स्वच्छ आहे." गाडी दारात उभी होती.

तेवढ्यात सुगंधाबाई आल्या, मागे वस्तीतल्या पाच-सहा जणी. सुगंधाबाईंचे केस पांढरे झाले होते. समोरच्या ओट्यावर नाना बसले होते, त्यांच्या देखत त्या भर गल्लीतून पुढच्या दारानं आत आल्या.

"दिलीप, आक्काला नेऊ नको," त्या म्हणाल्या. "आम्ही वार लावलेत. हरीशेजारीच खाट टाकली. हरीचं करून राह्यलो तसं ह्यांचं करू. गावात तर राहतील."

दिलीपच्या चेहऱ्यावर खरोखरच उजेड आला. तो खाटेपाशी खाली बसला. "आई, तू म्हणशील तसं. तुला कळतंय ना? सुगंधामावशींकडे राहायचं असेल तर नुसती मान हलव. मी आत्ता गाडी परत पाठवतो."

आक्कांना सगळं कळत होतं. डोळे स्वच्छ होते. त्यांनी दिलीपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग सुगंधाबाईंकडे बराच वेळ पाहिलं. मी मनात म्हणत होते, आक्का, हलवा, हलवा मान.

त्यांनी डाव्या हातानं पदर ओढला, तोंडावर घेतला आणि भिंतीकडे कूस केली.

दिलीपनं दोनदा विचारलं. पुन्हा तेच. नंतर पुष्कळांनी मला समजावलं की त्यांना सुगंधाबाईंवर ओझं व्हायचं नव्हतं. असेलही. पण मी तो चेहरा पाहिला होता. हरीला भर चौकातून त्या घरी नेणारी बाई, आश्रम म्हणजे काय हे साऱ्या गावात एकटी जाणणारी बाई, त्या घरचा घास स्वतः घ्यायची वेळ आली तेव्हा आश्रमाकडे तोंड करून बसली. मला त्यांचा भयंकर राग आला. अजून येतो. आणि इतकी माया मी माझ्या आईशिवाय दुसऱ्या कुठल्या बाईवर केली नाही, हेही खरं.

सुगंधाबाई म्हणाल्या, "कवाच बसल्या न्हाईत त्या आमच्यात. दगडावर बसायच्या. मला वाटलं, आता तरी." बाकीच्या बाया पुटपुटत बाहेर पडल्या. त्या मात्र थांबल्या. आक्कांचे विस्कटलेले केस त्यांनी पाठीमागूनच बोटांनी सारखे केले. आक्कांनी डोकं हलवलं नाही. मग त्या दिलीपला सांगू लागल्या, "तिथल्या लोकांना सांग, ह्यांच्याशी मोठ्यानं बोला म्हणावं. गिरणीनं कान गेलेत. न्हाईतर त्यांना वाटंल हिला समजत न्हाई. अन् भाकरी कुस्करून द्या. घाई करू नका भरवताना."

दिलीपनं आणि ड्रायव्हरनं आक्कांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. नाना ओट्यावरून उठून घरात गेले. गाडी निघाली तेव्हा काचेतून आक्कांच्या डोक्यावरचा पदर तेवढा दिसत होता, आमच्याकडे पाठ केलेला. मी दोन पावलं मागे धावले आणि थांबले. सुगंधाबाई गाडी वळेपर्यंत गल्लीच्या मधोमध उभ्या होत्या.